आयल्ट्सच्या टास्क १ मध्ये चढता आलेख लिहिताना

आयल्ट्स अकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेत, रायटिंग टास्क १ मध्ये आलेख वर जाताना दिसला की बहुतेक जण प्रत्येक वाक्यात ‘इन्क्रीज्ड’ लिहितात. गुण देण्याच्या चार निकषांपैकी एक शब्दसंपदा आहे, त्यामुळे हे महागात पडतं. पण म्हणून पंधरा समानार्थी शब्द पाठ करू नका. ‘सोअर्ड’ किंवा ‘रॉकेटेड’ ही क्रियापदं झपाट्याने झालेल्या मोठ्या वाढीसाठीच. ४० वरून ४३ वर गेलेल्या रेषेला ती लावली तर वर्णनच चुकतं. तिथे ‘रोज स्लाइटली’ (rose slightly, किंचित वाढला) पुरेसं आहे.

खरी गफलत होते ती छोट्या शब्दांत. भारताचा साक्षरता दर २००१ च्या जनगणनेत सुमारे ६५ टक्के होता, २०११ च्या जनगणनेच्या प्राथमिक आकडेवारीत ७४ टक्के. इथे ‘रोज टू ७४ पर्सेंट’ म्हणजे कुठे पोहोचला, आणि ‘रोज बाय ९ पर्सेंटेज पॉइंट्स’ म्हणजे कितीने वाढला. ‘बाय ९ पर्सेंट’ लिहिलंत तर आकडा चुकतो, कारण ६५ चे ९ टक्के जेमतेम ६ होतात. ‘रेझ्ड’ (raised) तर इथे नकोच. त्याला कर्म लागतं.

एकदा क्रियापद, पुढच्या वेळी नाम, असा पालट ठेवा: आधी ‘द रेट रोज स्टेडिली’, मग ‘देअर वॉज अ स्टेडी राइज इन द रेट’. नामाआधी ‘स्टेडी’, क्रियापदासोबत ‘स्टेडिली’, एवढं मात्र प्रत्येक वेळी तपासा.