विमानांच्या मॉडेलचे रंग आणि खुणा: या चुका टाळा

गोव्यात बोगमाळोच्या नौसेना विमान संग्रहालयात जायचं, उघड्यावर उभ्या असलेल्या सी हॉक या नौदलाच्या जुन्या लढाऊ विमानाचे फोटो काढायचे आणि फोटोत दिसला तोच रंग मॉडेलला मारायचा, ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. समुद्राचा खारा वारा, ऊन आणि गोव्याचा पाऊस कुठलाच रंग मूळचा ठेवत नाही. उघड्यावरची जुनी विमानं गंजू नयेत म्हणून वेळोवेळी पुन्हा रंगवावी लागतात. तिथे फोटो भरपूर काढा, पण ते पत्र्याचे सांधे, चाकांचे खण आणि घडीचे पंख समजून घेण्यासाठी.

रंगाआधी साल ठरवा. नौदलाची सी हॅरियर ही लढाऊ विमानं घ्या: ती डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर आली, तेव्हा वरून गडद करडी आणि पोटाला पांढरी होती. पुढे तो पांढरा गेला आणि खालूनही करडा आला. २०१६ मध्ये ती निवृत्त झाली, म्हणजे मधली तीसेक वर्षं एकाच रंगात काढता येत नाहीत. सुरुवातीच्या पांढऱ्या पोटावर नंतरच्या काळातल्या फिक्या खुणा चिकटवलेलं मॉडेल कुठल्याच वर्षाचं राहत नाही. शेपटीवर ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा पांढरा वाघ असला, तरीही.

विक्रांत या जुन्या विमानवाहू नौकेवरच्या सी हॉकला ब्रिटिश नौदलाची पद्धत होती: वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, खाली स्काय. इथे बरेच जण आकाशी निळा मारतात. स्काय ही फिकट, हिरवट छटा आहे. बाटलीवरच्या नावापेक्षा ब्रिटिश मानकाचा क्रमांक बघा: स्काय २१०, एक्स्ट्रा डार्क सी ग्रे ६४०. जुन्या कृष्णधवल फोटोवरून छटा ठरवू नका, त्यात केशरी आणि हिरवा जवळजवळ सारखेच दिसू शकतात.

राउंडेलमध्ये, म्हणजे विमानावरच्या तिरंगी गोल खुणेत, केशरी कडा बाहेर, हिरवा मध्यभागी. डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील खूण, पातळ असेल तर गडद करड्यावर केशरी मळका दिसतो. त्याच मापाचं पांढरं वर्तुळ आधी खाली रंगवून घ्या.

डिकॅलखाली चंदेरी झाक आली, तर मॅट रंगाच्या खरखरीत पृष्ठभागात हवा अडकली आहे असं समजा. बारीक सुईने टोचून डिकॅल मऊ करणारं द्रावण सोडा, सुकलं की पुन्हा सोडा. पुढच्या वेळी आधी ग्लॉस वार्निश द्या.

जून ते चवथीपर्यंत लॅकर वार्निश फवारताना विशेष जपा. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढरट धुरकटपणा येतो. त्यावर जाड थर चढवू नका. कोरडा दिवस बघून, किंवा एसीच्या खोलीत खिडकीशी पंखा बाहेरच्या बाजूला लावून, हळू सुकणाऱ्या थिनरचा अगदी हलका फवारा द्या. बहुतेक वेळा झाक जाते.