शिशाच्या वजनांना तेल की पावडर कोटिंग?

गळाची वजनं घरी ओतणारे आमच्या वरळीत कमी नाहीत, आणि दोघं भेटले की वाद ठरलेला: ओतल्यावर तेल-ग्रीस चोळायचं की पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची भुकटी उष्णतेने वितळवून तिचा थर, करायचं? माझं मत विचाराल तर तेल नकोच. खारं पाणी ते धुऊन नेतं, उरलंसुरलं वाळू धरून ठेवतं, आणि शिसं हाताला लागायचं ते लागतंच. त्याच हाताने मग आपण वडापाव खातो.

तेलाची कटकट साच्यापासूनच असते. वजन पटकन सुटावं म्हणून आत तेल लावलं की खड्डे पडतात आणि पुढे कोटिंग धरत नाही. ॲल्युमिनियमच्या साच्याला मेणबत्तीची काजळी धरा, पातळशी, तेवढी पुरते. साचा आणि पळी आधी तापवून कोरडी करून घ्या. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्यात पाण्याचा एक थेंब गेला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं थेट तोंडावर उडतं. म्हणून पावसाळ्यात ओतकाम बंद. एरवीही गच्चीवर, वारा पाठीवर घेऊन, चष्मा आणि चामडी हातमोजे घालून. पोरं घरात. (सेक्रेटरींना आधी सांगा, नाहीतर ते बादली घेऊन वर येतील.) भंगारातल्या बॅटरीच्या प्लेटा फुकट मिळाल्या तरी घेऊ नका, त्यातून विषारी वायू निघतात.

आता कोटिंग. वजन थिनरने पुसा, वाळू द्या, मग बोट लावू नका. आरपार भोक असेल तर त्यात तार घाला, नाहीतर ते बुजतं. पावडर ढवळून रांगोळीसारखी मोकळी करा. वजन पक्कडीत धरून हीट गनने सगळीकडून तापवा, पावडरीत बुडवा आणि लगेच काढा. रंग आधी रवाळ दिसतो, मग चमकत पसरतो. चमक आली नाही तर परत थोडी उष्णता द्या. जाड थर नको, तो खडकाला लागला की टवका उडतो. मग जुन्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) टांगून १८० अंशांना साधारण १५ मिनिटं भाजा. पुडीवर वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका. त्या ओटीजीत पुन्हा कधीही खायचं काही भाजायचं नाही. शिशात सोल्डर (डाग द्यायचं कथिल-शिशाचं मिश्रण) मिसळलं असेल तर जपून: कथिल जास्त असलं की ते १८३ अंशांनाच वितळू लागतं, आणि स्वस्त ओटीजीचा काटा तेवढा खरा नसतो.

तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) भोकाच्या कडेला घासतो, तिथे तरी तेल लावावं ना, असं विचारतात. नाही. कडा कानशीने गोल करा आणि आत रिकाम्या रिफिलचा तुकडा बसवा.

कोटिंग हात वाचवतं, समुद्र नाही. ब्रिटनने १९८७ साली छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली ती हंस ती गिळून मरत होते म्हणून. बँडस्टँडच्या खडकांत वजन अडकणारच, तिथे मी शिसं नेतच नाही. गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग आणतो, टोकाचा वाकडा दात पक्कडीने दाबून कडी करतो आणि मुख्य तंगूसापेक्षा बारीक तंगूसाने बांधतो. अडकला तर तेवढाच तुटतो, मासा आणि गळ हातात राहतात.