शिकागोच्या नेव्ही पिअरवर जाण्यापूर्वी: वारा, अंतर आणि वेळ यांची तयारी

उन्हाळा लागला की शिकागोच्या उपनगरांतील मराठी घरांत भारतातून आई-वडील येऊ लागतात, आणि त्यांना दाखवायच्या ठिकाणांत मिशिगन सरोवरात आत शिरलेला नेव्ही पिअर हा धक्का हमखास असतो. धक्क्यावर जायला तिकीट नाही, म्हणून बरेच जण काहीच न ठरवता निघतात आणि थंडी, पायपीट व रांगा यांतच संध्याकाळ घालवून घरी येतात. वारा, अंतर आणि वेळ या तीन गोष्टींचा विचार आदल्या दिवशी करून ठेवला, तर ज्येष्ठांसह आणि लहान मुलांसहही हा दिवस सुखाचा जातो.

सर्वप्रथम आतषबाजी पाहायची की नाही हे ठरवावे, कारण बाकीचे सगळे वेळापत्रक त्यावर अवलंबून असते. मे महिन्याच्या अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या आरंभीच्या लेबर डेपर्यंत दर बुधवारी आणि शनिवारी रात्री धक्क्यावरून आतषबाजी होते. अलीकडच्या वर्षांत बुधवारी नऊला आणि शनिवारी दहाला ती सुरू होत आली आहे, तरीही निघण्यापूर्वी त्या आठवड्याची वेळ धक्क्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी, कारण खराब हवेत कार्यक्रम रद्द होऊ शकतो. हा सोहळा साधारण दहा मिनिटांचा असतो. घरात सत्तरीपुढचे कोणी असेल किंवा तान्हे मूल असेल, तर बुधवार निवडावा, कारण शनिवारची गर्दी दहा मिनिटांच्या मोबदल्यात फार महाग पडते असे माझे स्पष्ट मत आहे. आतषबाजी वगळायची असेल तर सरळ सकाळी जावे. शहर धक्क्याच्या पश्चिमेला असल्यामुळे सकाळचे ऊन उंच इमारतींच्या दर्शनी बाजूवर पडते आणि छायाचित्रे उत्तम येतात; संध्याकाळी सूर्य त्याच इमारतींमागे मावळतो आणि त्या काळ्या आकृत्यांसारख्या दिसू लागतात.

कपड्यांची तयारी मात्र कोणत्याही वेळी जायचे असले तरी टळत नाही, आणि इथेच सर्वाधिक चूक होते. नेपरव्हिल किंवा शॉमबर्गसारख्या उपनगरातून निघताना अंगणात कडक ऊन असते, फोनवर शिकागोचे तापमानही उबदार दिसते, आणि मंडळी सुती कपड्यांत गाडीत बसतात. शिकागोचे अधिकृत तापमान १९८० पासून ओ'हेअर विमानतळावर मोजले जाते, आणि तो विमानतळ सरोवरापासून बराच आत आहे. मिशिगन सरोवराचे पाणी फार सावकाश तापते. मे-जूनमध्ये जमीन तापलेली असताना पाणी अजून थंडगार असते, आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर गेली की तिच्या जागी पाण्यावरची गार हवा किनाऱ्याकडे धावते. या दिवसांत हवामान सांगणारे ‘सरोवराजवळ अधिक थंड’ हे शब्द जोडतात, ते ऐकून सोडून देऊ नयेत. धक्का तर किनाऱ्यापुढे पाण्यातच आहे. म्हणून जूनमध्येही प्रत्येकासाठी वारा अडवणारे एक जाकीट, ज्येष्ठांसाठी कानटोपी किंवा मफलर, आणि लहान मुलांसाठी कपड्यांचा एक जादा जोड पिशवीत असलाच पाहिजे. आईने साडीच नेसायची ठरवली असेल, तर पदर खांद्याशी दोन पिनांनी आणि निऱ्या आतून एका पिनेने पक्क्या कराव्यात, आणि वरून पुढून बंद होणारा स्वेटर घ्यावा. शाल खांद्यावर टिकत नाही, ती एका हाताने धरून ठेवावी लागते आणि दुसऱ्या हातात नातवंड असते. रुंद काठाची टोपी बांधायची नाडी नसेल तर घरीच ठेवावी. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना त्रास देते, म्हणून गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नये.

जाण्याचा मार्ग आदल्या रात्री ठरवावा. धक्क्यावर स्वतःचे वाहनतळ आहे, पण ते स्वस्त नाही. गाडीनेच जायचे असेल तर वाहनतळाची जागा ऑनलाइन आगाऊ राखून ठेवणे हिताचे. शनिवारी उपनगरातून मेट्रा रेल्वेने युनियन स्टेशनला यावे आणि तिथून १२४ क्रमांकाची बस धरावी, ती थेट धक्क्यापर्यंत नेते. शहरात राहणाऱ्यांना २९, ६५ आणि ६६ या बसही चालतात. रेड लाइन या शहरी रेल्वेचे ग्रँड स्थानक जवळचे म्हणून सांगितले जाते, पण तिथून धक्क्याचे प्रवेशद्वार चालत सव्वा किलोमीटरच्या पुढे आहे, आणि खरे चालणे त्यानंतरच सुरू होते. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना त्या स्थानकावरून ६५ क्रमांकाच्या बसने न्यावे.

हे चालणे किती, याचा अंदाज नकाशावरून येत नाही. धक्का सुमारे १ किलोमीटर लांब आहे, म्हणजे टोकापर्यंत जाऊन परत येईतो दोन किलोमीटर होतात, आणि त्यात खेळ, दुकाने व स्वच्छतागृहे यांच्या फेऱ्या वेगळ्या. पायांत रुळलेले बूटच असावेत. चालताना थकणाऱ्यांसाठी घडीची व्हीलचेअर आणि तीन-चार वर्षांच्या मुलांसाठीही बाबागाडी न्यावी. मूल ‘मी चालतो’ म्हणाले तरी परतीच्या वाटेवर ते कडेवरच असते. दक्षिणेकडील बाजूने सपाट, रुंद वाट आहे. तिच्या कडेला नावा लागतात, त्यामुळे तिथे सगळीकडे कठडा नाही, हे लक्षात ठेवून धावऱ्या मुलांचा हात सोडू नये. आकाशपाळणा आणि इतर खेळ या वाटेपेक्षा वरच्या पातळीवर आहेत, तेव्हा व्हीलचेअर असल्यास पायऱ्या टाळून लिफ्ट कुठे आहे ते आधी विचारून घ्यावे.

क्रमाबाबत माझा आग्रह आहे: पाय ताजे असतानाच थेट पूर्वेच्या टोकाला जावे आणि खेळ व खाणे परतीच्या वाटेवर ठेवावे. बहुतेक कुटुंबे नेमके उलटे करतात, पाळण्यापाशी अडकतात आणि टोक न पाहताच वळतात. खरे तर धक्क्याचा बराच इतिहास टोकाला उरला आहे. आर्किटेक्ट चार्ल्स फ्रॉस्ट यांच्या आराखड्यानुसार बांधलेला हा धक्का १९१६ मध्ये म्युनिसिपल पिअर या नावाने खुला झाला. मालवाहू आणि प्रवासी जहाजे व नागरिकांची करमणूक या दोन्हींसाठी तो उभारला होता. पहिल्या महायुद्धातील नौसैनिकांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले, दुसऱ्या महायुद्धात इथे नौदलाचे प्रशिक्षण चालले, आणि युद्धानंतर १९४६ पासून १९६५ पर्यंत इलिनॉय विद्यापीठाची शाखा याच लांबलचक इमारतींत भरत होती. आजच्या करमणुकीच्या रूपात तो १९९५ मध्ये खुला झाला. टोकाला घुमटाकार छताचे जुने सभागृह अजून उभे आहे आणि ‘यूएसएस शिकागो’ या युद्धनौकेचा नांगर तिथे ठेवलेला आहे. तिथल्या बाकावर सरोवराकडे तोंड करून बसल्यावर पलीकडचा काठ दिसत नाही. कोकणात वाढलेले वडील हटकून ‘हा समुद्रच’ म्हणतात, आणि वाऱ्याला खारट वास नाही हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागतो.

आकाशपाळण्याचे तिकीट ऑनलाइन घेतल्यास खिडकीवरची रांग वाचते. हा पाळणा २०१६ मध्ये धक्क्याच्या शताब्दीनिमित्त बसवला गेला. त्याची उंची १९६ फूट असून त्याला ४२ बंदिस्त डबे आहेत, आणि ते हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात गार ठेवले जातात. उंचीची भीती वाटणाऱ्यांनाही तो जत्रेतल्या उघड्या पाळण्यापेक्षा सोपा जातो. जगातला पहिला मोठा आकाशपाळणा याच शहरात, १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात, जॉर्ज फेरिस यांनी उभारला होता आणि त्याची उंची २६४ फूट होती, हे मुलांना रांगेत सांगायला उपयोगी पडते. वादळी हवेत खेळ थांबवले जातात, तेव्हा विजांचा इशारा असेल त्या दिवशी तिकीट आगाऊ घेऊ नये.

नौकाविहार करायचा असल्यास आरक्षण आधी करावे आणि त्यावर नाव सुटण्याची नेमकी जागा वाचून ठेवावी, कारण शिकागो नदीतल्या वास्तुदर्शनाच्या आणि सरोवरातल्या सफरींच्या नावा वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटतात, आणि धक्क्याच्या या लांबीत चुकीच्या ठिकाणी पोहोचलेल्या कुटुंबाला शेवटची दहा मिनिटे पळावे लागते. उघड्या नावेत वारा आणखी लागतो.

खाण्याच्या बाबतीत घरून डबा नेणे उत्तम. धक्क्यावर उपाहारगृहे भरपूर आहेत, पण जेवणाच्या वेळी तिथे थांबावे लागते, आणि शिकागोचा जाड, भरलेला पिझ्झा भाजायलाच पाऊण तासाच्या आसपास लागतो. इथले प्रसिद्ध हॉट डॉग गोमांसाचे असतात, इटालियन बीफ सँडविच तर नावातच सांगते; तेव्हा जे खात नाहीत त्यांनी मागवण्यापूर्वी विचारावे. तिखट-मिठाच्या दशम्या, कोरडी चटणी आणि गुळांबा नेला, तर धक्क्याशेजारच्या मिल्टन ऑलिव्ह पार्कमध्ये झाडांच्या सावलीत बसून निवांत जेवता येते, आणि शहराचे सर्वांत चांगले दर्शन तिथूनच घडते. व्हिएतनाम युद्धात साथीदारांना वाचवताना मरण पावलेल्या तरुण सैनिकाचे नाव त्या उद्यानाला दिलेले आहे. मधुमेह असणाऱ्यांच्या गोळ्या आणि बिस्किटे मोठ्या पिशवीत न ठेवता त्यांच्याच खिशात असावीत, कारण पिशवी नेहमी पुढे गेलेल्या माणसाकडे असते.

पाऊस आला तर प्रवेशाच्या बाजूला असलेले शिकागो चिल्ड्रन्स म्युझियम दहा वर्षांखालील मुलांसाठी सोयीचे आहे. त्याचे तिकीट वेगळे असते.

आतषबाजीला थांबणार असाल, तर शेवटची मेट्रा किती वाजता सुटते ते सकाळीच लिहून ठेवावे आणि १२४ ची बस त्या वेळी चालू आहे का, हेही पाहून घ्यावे. कार्यक्रम संपताच हजारो माणसे एकाच दिशेने, ग्रँड अव्हेन्यू आणि इलिनॉय स्ट्रीटकडे लोटतात आणि वाहनतळातून बाहेर पडायला बराच वेळ लागतो. ज्येष्ठ सोबत असल्यास टोकाऐवजी प्रवेशाकडच्या बाजूला, हिरवळीवर सतरंजी टाकून बसावे. कुटुंब पांगल्यास भेटण्याची एक खूण आधीच ठरवावी, भारतातून आलेल्यांच्या फोनमध्ये इथले सिमकार्ड नसेल तर त्यांच्या खिशात मुलाचा नंबर कागदावर लिहून द्यावा, आणि टॅक्सी धक्क्याच्या दारात न बोलावता दोन-तीन चौक पश्चिमेला चालत जाऊन तिथून बोलवावी.