ह्युंदाईची आय-२० एन लाईन बघायला जाताय? टेस्ट ड्राइव्ह अशी घ्या

सप्टेंबर २०२३ ला नवं रूप आलं तेव्हापासून सगळे लाल पट्ट्या नि दोन तोंडांच्या सायलेन्सरवरच बोलतात, ते दोन मिनिटं बघा नि सोडा. खरा बदल गिअरबॉक्सचा आहे, आधीचा क्लच पेडल नसलेला आयएमटी गेला आणि ६ गिअरचा नीट मॅन्युअल आला, म्हणून फोन करतानाच सांगा की मॅन्युअलच पाहिजे, नाहीतर ७ गिअरची ऑटोमॅटिक डीसीटी आणून उभी करतील (ती पण वाईट नाही हां, पण मजा मॅन्युअलमध्येच).

शोरूमवाला सपाट हायवेवर नेऊन आणतो, तिथे कुठलीही गाडी भारीच वाटते. पणजीत असाल तर आल्तिनोच्या चढावर घ्या, एसी चालू, गाडीत चौघं, आणि दुसऱ्या गिअरमध्ये आरामात चढवा. १ लिटरचं टर्बो इंजिन १२० पीएस ताकद देतं खरं, पण १५०० आरपीएमच्या खाली टर्बो जागाच होत नाही आणि ते तिथेच कळतं.

सस्पेन्शन साध्या आय-२० पेक्षा कडक आहे, त्यामुळे गावातल्या स्पीडब्रेकरवरून न्या आणि मागे आईला बसवा. ती गप्प राहिली तर बुक करा.