धुऱ्यासाठी रानबी: कोजागिरीनंतर पांदणीच्या कडेची तोडणी आणि घरची पिकवणी

नागपूर भागातून पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघून जातो. तेव्हा सगळे सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या पहिल्या वेचणीत अडकलेले असतात. नेमक्या त्याच दिवसांत पांदणीच्या (शेतांमधल्या गाडीवाटेच्या) कडेला तरोटा, शरपुंखा, गोकर्ण, कुरडू आणि कळलावी बियाण्यावर येतात, त्यांच्या मागोमाग बावची. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), पडीक मुरमाड तुकड्यावर किंवा कुंपणाला लावायला हे बी विकत घ्यावं लागत नाही. वेळ मात्र साधावी लागते, कारण कडेची झुडपं छाटायचं किंवा पेटवायचं कामही दिवाळीच्या आसपासच निघतं. शेंग झाडावर पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर बऱ्याचदा हाती राख येते. म्हणून थोडं आधी देठासकट कापायचं आणि घरी पिकवायचं.

थोडं आधी म्हणजे किती, हे नीट समजून घ्या. बी आतून भरून झालं की झाडाकडून अन्न घेणं थांबवतं, त्यानंतर त्याचं फक्त सुकणं बाकी असतं. हे सुकणं घरच्या सावलीत झालं तरी चालतं. न भरलेलं बी मात्र तोडून आणल्यावर चिपाड होतं. चार-पाच शेंगा फोडा आणि बी नखाने दाबा. पाणी किंवा दुधासारखा चीक आला तर आठवडाभर थांबा. नख उमटलं पण चीक आला नाही, आणि बी हिरवं सोडून पिवळट-तपकिरी होऊ लागलं असेल, तर कापायला हरकत नाही.

तरोट्याची लांब, बारीक, वाकडी शेंग हिरवी असताना सोडा. फिकट पिवळी होऊन टोकाकडून तपकिरी व्हायला लागली की अख्खी फांदी विळ्याने कापा. आतलं कोनदार बी चकचकीत तपकिरी होतं. शरपुंख्याला जास्त जपावं लागतं. तिची चपटी शेंग वाळली की पीळ घेऊन फुटते आणि दुपारच्या उन्हात बी दूर उडतं. ही तोडणी सकाळी दव असतानाच करा, दमट शेंगा फुटत नाहीत. पडीक मुरमाला नत्र देणारी ही वनस्पती आहे, आणि मला विचाराल तर धुऱ्यासाठी हिच्यासारखी दुसरी नाही.

कुरडूचं कणीस खालून वर पिकतं. वर गुलाबी-पांढरी फुलं असतात तेव्हा खालच्या बोंडांची झाकणं उघडून काळं, चमकदार बी गळायला लागलेलं असतं. इथे कापू नका. कागदी पिशवीत कणीस वाकवून बोटाने टिचक्या मारा. पिकलेलं तेवढं पडेल, उरलेल्यासाठी आठ दिवसांनी परत जा. कुरडू भाजीच्या वाफ्यापुरतीच ठेवा, खरिपाच्या वावरात ते तणच आहे. बावचीचं बी सहसा उडत नाही, साल बियाला चिकटून राहते. ती टप्प्याटप्प्याने हिवाळाभर पिकते, म्हणून काळे झालेले घोसच वेचत जा. वेचल्यावर हात धुवा, तिच्या रसाने उन्हात कातडीवर डाग उठतात.

कळलावीचं बोंड पिवळसर होऊन सुरकुतलं की उलण्याआधी तोडा, सावलीत ते आपोआप उलतं आणि शेंदरी-लाल बी दिसतं. ही वनस्पती कंदापासून बियापर्यंत विषारी आहे. पोरांच्या आणि गुरांच्या तोंडाशी येईल अशी कुठेही ठेवू नका. बियापासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात, तेवढा धीर असेल तरच तिच्या मागे लागा.

आता पिकवणी. कापलेल्या फांद्या घरी येताच प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा. ओलं बी त्यात एका रात्रीत गरम होऊन बुरशी धरतं. आठ-दहा फांद्यांची जुडी बांधून शेंड्याकडचा भाग जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, आणि जुडी ओसरीत किंवा गोठ्याच्या आढ्याला उलटी टांगा. शेंगा फुटल्या तरी बी कापडातच पडतं. वारा लागला पाहिजे, ऊन नको. ऑक्टोबरच्या दुपारी तापलेल्या गच्चीवर किंवा पत्र्यावर पसरलेलं ओलं बी वरून वाळतं आणि आतला अंकुर मरतो. दोन-तीन आठवड्यांनी हलक्या काठीने झोडपून सुपाने पाखडा. दाताखाली दबतं ते बी अजून ओलं आहे (विषारी कळलावीचं बी मात्र दातात धरू नका). कट्कन तुटलं तर भरायला तयार.

शेंगवर्गीय बियांत भुंग्याची अंडी कडेवरूनच घरात येतात. बी पूर्ण वाळल्यावर हवाबंद डब्यात घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. ओलं बी मात्र त्यात टाकू नका. नंतर काचेच्या बरणीत भरा आणि तळाशी भाजून पूर्ण गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवा, ते उरलीसुरली ओल ओढून घेतात. बियातला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, म्हणून पत्र्याच्या खोलीतल्या फळीवर बरणी ठेवू नका. घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीलगत ठेवा. चिठ्ठीवर नाव, जागा, तारीख आणि माती काळी की मुरमाड, एवढं लिहा.

कुठून घ्यावं, यात हयगय नको. हायवेच्या कडेला गाडी थांबवून वेचू नका. धुराची काजळी आणि तणनाशकाची फवारणी झालेल्या जागेचं बी खाण्याच्या वनस्पतींसाठी तर नकोच. मनसरच्या पुढे देवलापार-खवासाकडचा रस्ता पेंचच्या जंगलातून जातो, तिथल्या कशालाच हात लावू नका. बाकी ठिकाणी वीस-तीस झाडांवरून थोडं थोडं घ्या, सोळा आण्यांत तीन आण्यांहून जास्त नाही. उरलेलं पाखरांसाठी आणि पुढच्या पावसाळ्यासाठी राहू द्या.

गाजरगवत, रानतुळस, घाणेरी यांचं बी चुकूनही घरी येता कामा नये. गाजरगवताच्या एका झाडाला हजारो बिया धरतात आणि त्या कपड्यांना, चपलांना, चिखलाला लागून येतात. वावरात शिरण्याआधी झटकून घ्या.

अक्षय तृतीयेला उगवण तपासा. तरोटा, शरपुंखा, गोकर्ण यांची साल टणक असते, म्हणून आधी जाड वाळूत चोळा किंवा उकळी उतरलेलं पाणी ओतून रात्रभर गार होऊ द्या. मग शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि गोणपाट आठ-दहा दिवस ओलं ठेवा. साठाच्या वर उगवल्या तर नेहमीइतकं बी पुरेल, त्याहून कमी उगवल्या तर दीडपट धरा आणि मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर धुऱ्यावर टोबा.