ढेकूण दिसला की चप्पल? मित्रकीटकांच्या बाबतीत या चुका टाळा

पाऊस ओसरला की माझ्या फोनवर दरवर्षी तोच फोटो येतो, फक्त पाठवणारा बदलतो. पानावर ढालीसारख्या पाठीचा एक किडा, म्हणजे झाडावरचा ढेकूण, अंथरुणातला नव्हे, आणि खाली "ताई, याच्यावर काय मारू?" अरे बाबा, मारायचं का ते तरी आधी विचार. पण मी उत्तर टाइप करेपर्यंत दुसरा मेसेज आलेला असतो, "चिरडला."

तर पहिली चूक हीच, ओळख न पटवता मारणं. वास मारणाऱ्या या ढेकणांच्या कुळात जगभर साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत, बहुतेक सगळ्या झाडाचा रस पिणाऱ्या, टोमॅटोवर बसणारा हिरवा ढेकण्या त्यातलाच. पण त्यातल्या सुमारे 300 जाती शिकारी आहेत, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो इओकँथेकोना. तपकिरी, सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटरचा, खांद्याला दोन काटे. अळ्या खातो, त्याही आपल्या फ्लॉवर-कोबीचा चोथा करणाऱ्या.

हे मला आता माहितीये. पहिल्या वर्षी नव्हतं. ठाण्यात कासारवडवलीला गच्चीवर नऊ कुंड्यांत फ्लॉवर लावला होता, ऑक्टोबरचा उकाडा, आणि पानं खाणाऱ्या अळ्या नुकत्या सुरू झालेल्या. एका पानाखाली काळपट चकचकीत अंडी दिसली, छोट्या पिंपांसारखी, झाकणाभोवती काट्यांचं कडं, आणि शेजारी लाल-काळ्या पिल्लांचा घोळका. मी काय केलं असेल? साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास एकेक पान घासलं, वर नवऱ्याला सांगितलं की आज रोगाचं मूळच उपटलं. दहा दिवसांत पानांच्या नुसत्या शिरा उरल्या, गड्डा एकही धरला नाही. मग फोनमधले जुने फोटो चाळताना एक सापडला, मीच "छी, बघ काय" म्हणून नवऱ्याला पाठवलेला. त्यात त्या ढेकणाच्या सोंडेला एक भलीमोठी अळी लटकलेली होती. म्हणजे पुरावा माझ्याच हातात होता आणि मी साक्षीदारालाच बुडवला.

तेव्हापासून माझी सवय एकच, किडा बाजूने बघायचा, वरून नाही. मोबाइलला दीडशे-दोनशे रुपयांची मॅक्रो लेन्स (जवळून मोठं दाखवणारी) लावा नाहीतर भिंग घ्या. सोंड जाड असेल आणि डोक्याखालून मोकळी पुढे ताठ होत असेल तर तो शिकारी. बारीक, पोटाखाली दुमडून चिकटलेली असेल तर रस पिणारा. खांद्याच्या काट्यांवर जाऊ नका, रस पिणाऱ्या काहींनाही काटे असतात. आणि जवळच्या पानावर काळी पडलेली, लोंबणारी, आतून रिकामी अळी दिसली तर हात लावू नका, तिथे जेवण झालेलं आहे. हा लाळ टोचून अळीला लुळी पाडतो, आतलं सगळं पातळ करतो आणि ओढून घेतो, मागे साल उरते.

याच्यातच एक उपचूक. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत शिकार करत नाहीत, टरफलांजवळ दाटीवाटीने बसून असतात. अधीर मंडळी दोन दिवस बघतात आणि "हे तर काहीच खात नाहीत" म्हणून पान तोडून टाकतात. कात टाकू द्या की, मग तीच पिल्लं चार-पाच मिळून आपल्याहून मोठ्या अळीवर तुटून पडतात. अंड्यापासून मोठा होईपर्यंत आपल्या हवेत साधारण तीन-चार आठवडे जातात. तेवढाही धीर नसेल त्याने मंडईतून फ्लॉवर आणावा.

दुसरी माझी चीड आणणारी चूक, एका हाताने किडे जपायचे आणि दुसऱ्या हाताने फवारायचं. कोपरीच्या एका मुलाने मोठ्या उत्साहाने पिल्लं जपली आणि रविवारी "ऑरगॅनिकच आहे ना ताई" म्हणत नीम तेल मारलं. अरे, कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन किड्यांची कात टाकण्याची प्रक्रियाच बिघडवतं, ते तुझ्या अळीला आणि तुझ्या मित्राला वेगळं ओळखत नाही. इमिडाक्लोप्रिड, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं कीटकनाशक, मुळाशी ओतणारे तर वेगळेच हुशार. हे ढेकूण ओलाव्यासाठी झाडाचाही थोडा रस पितात, म्हणजे फवारा अंगावर पडला नाही तरी विष पोटात जातंच. आमच्या सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला येतो त्या दिवशी मी गच्चीच्या दाराला कुलूप लावते, सेक्रेटरी वैतागतात, वैतागू देत.

पांढऱ्या, पिठासारख्या पिठ्या ढेकणावर या शिकाऱ्यांना सोडू नका, त्याला खाणारा क्रिप्टोलिमस भुंगेरा लागतो, नाहीतर ब्रश आणि साबणाचं पाणी.

डब्यात दहा पिल्लं उपाशी ठेवलीत तर आठवड्याने दोन धष्टपुष्ट सापडतील. बाकीची कुठे गेली ते विचारू नका.

अळी दिसली की वेचून टाकणाऱ्यांकडे शिकारी थांबणार कशाला? मी प्रत्येक झाडावर चार-पाच अळ्या ठेवते, पानाला भोकं पडतात, पडू देत.

अमेरिकन व्हिडिओ बघून पोडिसस हा शिकारी ढेकूण मागवायचा विचार करणाऱ्यांनो, तो तिकडचा किडा आहे, बाहेरून जिवंत कीटक आणायला 2003 च्या प्लांट क्वारंटाईन ऑर्डरप्रमाणे परवानगी लागते. आणि येऊरच्या जंगलातून बाटलीत भरून आणू नका, ते नॅशनल पार्क आहे.

राहता राहिलं फुलपाखरांचं, इथे मी स्वतःच अडकते. शिकाऱ्याला फ्लॉवरवरची अळी आणि लिंबावरची राणी पाकोळीची अळी सारखीच. 2015 पासून ती आपलं राज्य फुलपाखरू आहे, हे त्याला कोण सांगणार. ओवळेकरवाडीत ही फुलपाखरं बघून आले की मला अपराधी वाटतं, म्हणून लिंबाच्या कुंडीवर अळ्या दिसल्या की मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधते आणि ढेकणांना फ्लॉवरकडे हाकलते. लबाडी आहे, मान्य. लिंबाची पानं यंदाही अर्धी संपली आहेत.