जुन्या संसदेचं चित्र कसं वाचावं

इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या संसदेचं रंगीत चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. मधोमध राजा, त्याच्या एका हाताला स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर, दुसऱ्या हाताला वेल्सचा लूएलिन, समोर बाकांवर बिशप आणि सरदार. मी शाळेत इतिहास शिकवते आणि दरवर्षी हेच चित्र मुलांच्या हाती देते. चित्र तपासायचं कसं, हे याच्याइतकं चांगलं दुसरं कुठलं शिकवत नाही.

माणसं ओळखायची घाई करू नका. आधी चित्र कधीचं ते बघा. एडवर्डची कारकीर्द १२७२ ते १३०७. चित्र मात्र सोळाव्या शतकातलं, आठव्या हेन्रीच्या काळातलं. राजचिन्हांचा कारभार पाहणारा अधिकारी थॉमस राइझ्ली याच्या ग्रंथातलं. मध्ये सव्वादोनशे वर्षं उलटून गेलेली.

आता प्रत्येक नावापुढे मृत्यूचं साल लिहा. लूएलिन १२८२, अलेक्झांडर १२८६. चित्राखाली ‘१२९५ ची मॉडेल पार्लमेंट’ (एडवर्डची, पुढे नमुना मानली गेलेली संसद) अशी ओळ दिसली, तर ती तिथेच बाद. दोघांनीही एडवर्डपुढे मान तुकवली होती हे खरं, पण वेगवेगळ्या वेळी: लूएलिनने १२७७ च्या अखेरीस, अलेक्झांडरने १२७८ मध्ये. तिघांची अशी एकत्र बैठक अभ्यासक काल्पनिकच मानतात. मग ती काढावीशी का वाटली? शेजारच्या दोन्ही सत्ताधीशांना इंग्लंडच्या राजाच्या संसदेत बसवलं, की त्यांच्यावर त्याचा हक्क आपोआप दिसतो. हेन्रीच्या दरबाराला हे चित्र सुखावणारंच होतं. हा प्रश्न मुलांना नक्की विचारा. वर्ग इथेच जागा होतो.

डावं-उजवं ठरवताना राजाच्या जागी बसून बघा. त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे, धर्मगुरू. डाव्या हाताला सरदार. मान उजव्या बाजूला जास्त.

मधल्या जागेत जाड, फुगीर बैठका दिसतील. त्या लोकरीच्या गाद्या, त्यांवर न्यायाधीश. इंग्लंडची श्रीमंती लोकरीच्या व्यापारावर उभी होती. परंपरेने ही बैठक तिसऱ्या एडवर्डच्या काळातली, म्हणजे पहिल्याच्या नातवाच्या. आजोबांच्या संसदेत ती चित्रकाराने स्वतःच्या काळातून आणून ठेवली.

शेवटी याच्या शेजारी १५२३ च्या, लंडनमधल्या ब्लॅकफ्रायर्सला भरलेल्या आठव्या हेन्रीच्या संसदेचं चित्र ठेवा. दोन्हींत जे जे सारखं दिसेल त्याला पेन्सिलीने गोल करा: बसण्याचा क्रम, गाद्या. गोल केलेलं सगळं एडवर्डच्या काळाचा पुरावा म्हणून वापरू नका. हेन्रीच्या काळासाठी मात्र ते फार मोलाचं आहे.